साडेतीन बोटं

सुनेत्राआत्याचं समोरच्या तात्यांशी जमलं.

वरचं वाक्य वाचकांनी वाचून विसरून जावं. असं काही झालेलं नाही. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कोणी काही सांगत असेल तर ती अफवा आहे, आणि ती पसरवणाऱ्यांत माझी आई असली तरी तिचं म्हणणं हे घराचं म्हणणं समजू नये. घराचं म्हणणं असं की आमच्याकडे एका मनगटावर उपचार चालू आहेत. बाकी काही नाही. पुढे जे सांगतोय तेही मनगटाबद्दलच आहे. त्यात एक माणूस जिना चढतो, पण ते आपलं ओघात.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय बावन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर सांगते, राहून गेलं. ज्या सुरात ती हे सांगते त्याच सुरात आई गॅसचं बुकिंग राहून गेल्याचं सांगते. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, आमच्या खोलीला लागून एक चिंचोळी जागा आहे. तिथे तिचं पार्लर. बाहेर पाटी आहे, ‘सुनेत्रा ब्युटी पार्लर’. नाव सुनेत्रा आणि काम भुवयांचं, हा योगायोग तिच्या लक्षात यायला बारा वर्षं लागली, तेही मी सांगितल्यावर.

थ्रेडिंग तुम्ही कधी करून घेतलं नसेल तर सांगतो. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन हातांच्या बोटांत पिळून धरायचा आणि कात्रीसारखी बोटं उघडझाप करत समोरच्या बाईची भुवई मुळापासून उपटायची. बाई खुर्चीत ओरडते. ओरडली की आत्या दातातला दोरा न सोडता म्हणायची, "एवढं काही नाही दुखत." दोऱ्यामुळे ते ‘एवज काई नाई उकत’ असं ऐकू यायचं, पण भोईवाड्यातल्या दोन पिढ्या हे वाक्य ऐकून मोठ्या झाल्या. भुवया मात्र सुरेख व्हायच्या. परळच्या बायका आमच्या चाळीतून बाहेर पडताना रडलेल्या आणि रेखीव अशा दिसायच्या.

मग आत्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या.

सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. मी मुंग्यांचा खडू आणून तिच्या उशाशी ठेवला. घरात कोणी हसलं नाही, पण खडू दुसऱ्या दिवशी साखरेच्या डब्याभोवती वापरला गेला, म्हणजे वाया गेला नाही. मुंग्या मात्र वाढल्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची फक्त अर्धी बाजू. करंगळी ठणठणीत. आईला हे पटेना. आख्खा हात दुखतो, नाहीतर एखादं बोट दुखतं. साडेतीन बोटं कशी दुखतील? मी म्हटलं, आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, यातही काहीतरी शास्त्र असेल. आई म्हणाली, "तू गप ऱ्हव." आई मूळची सावंतवाडीकडची. ती चिडली की मुंबई सोडून गावी जाते, निदान बोलण्यापुरती.

सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. हात झोपेतच जड व्हायचा आणि आत्या उठून गॅलरीत यायची. कठड्याशी उभी राहून, डोळे मिटून, उजवा हात खालीवर झटकायची. जुन्या थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकतात ना, तसा. थोड्या वेळाने मुंग्या कमी व्हायच्या आणि ती आत येऊन पडायची. आमच्या चाळीच्या कमिटीतले लोक गळक्या टाकीपासून बंद दिव्यांपर्यंत प्रत्येक बाबतीत हात झटकत आले आहेत, पण मनगटातून खरोखर हात झटकणारी आत्या पहिलीच.

इथपर्यंत ठीक होतं. मुंग्या लोकांना समजतात. लोकांना समजलं नाही ते पुढचं.

पुढचं म्हणजे हाताला कशाचाही स्पर्श सहन होईना. बांगड्या गेल्या. चादर हातावर आली की ती दचकून उठायची. नळाचं पाणी टोचायचं. गिऱ्हाइकाने नोट हातात दिली तरी ती ‘तिथे ठेव, तिथे ठेव’ म्हणून आरशाकडे बोट दाखवायची, तेही डाव्या हाताचं. आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. पहिल्या मजल्यावरच्या लक्ष्मीकाकूंकडे सगळ्या बायका जमल्या होत्या. काकूंनी अत्तराचा बोळा आत्याच्या हातावर नुसता टेकवला आणि आत्या अशी ओरडली की मी वरून खाली धावत आलो. मला वाटलं, कोणाला शॉक बसला. खोलीत तीसेक बायका तिळगूळ धरून गप्प बसल्या होत्या आणि अत्तराचा वास येत होता.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तिने निकाल दिला की हे सोंग आहे. अत्तर कधी दुखतं का? बाबांनी मत दिलं नाही. बाबा घरात असतात, पण मत देत नाहीत.

आत्या त्यावर भांडली नाही. ती मला गॅलरीत म्हणाली, "धन्या, मला औषध नको की काही नको. एका माणसाने फक्त म्हणावं, होय, दुखतंय तुझं. बास."

मी म्हटलं, "होय, दुखतंय तुझं."

"तू नको रे. तू सगळ्यालाच होय म्हणतोस."

हे खरं होतं. मी अशा कंपनीत काम करतो जिथे रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या वॉशिंग मशीनबद्दलच्या तक्रारी ऐकून ‘तुमचा त्रास मला समजतो’ म्हणायचं असतं. माझ्या सहानुभूतीला घरात भाव नाही.

शेवटी मीच तिला हॉस्पिटलात घेऊन गेलो. आईही आली. तिला सोंग उघडं पडताना प्रत्यक्ष पाहायचं होतं. तिथे आत्याच्या हातात विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने निरोप पोचवते ते मोजलं. आत्या प्रत्येक झटक्याला ओरडली. बाहेर रांगेतले दोघं ते ऐकून उठून घरी गेले. मग रिपोर्ट आला. त्यात इंग्रजीत बरंच काही होतं आणि शेवटी एक शब्द होता जो आईलाही वाचता आला. माइल्ड.

"माइल्ड म्हणजे काय गो? कमी," आई तिथल्या बाकावरच म्हणाली. "मगे तू येवढा बोंबलतंस कित्याक?"

आत्याने रिपोर्टची घडी केली. डाव्या हाताने, नीट. तिचा चेहरा असा झाला होता की मला एकदम वाटलं, हिला आपण इथे आणायलाच नको होतं. इतके दिवस निदान लेखी पुरावा तरी नव्हता.

डॉक्टरचं नाव मेघना. वयाने माझ्याहून फार मोठी नसावी. तिने आत्याच्या मनगटाला हात न लावता, वरूनच पेनाने दाखवलं. इथे एक बोगदा आहे. त्यातून नऊ दोऱ्या जातात आणि एक नस जाते. दहा जणांना जागा कमी पडते आणि नस चेंगरते. आई म्हणाली की दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही एके काळी अकरा जण होतो, कोणाला मुंग्या आल्या नाहीत. डॉक्टर मेघनाने हे शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने आईलाच विचारलं की लालबागला गणपतीत स्पीकर ऐकलेत ना? माइकसमोर माणूस नुसता खाकरला तरी चौकापर्यंत गडगडाट होतो. त्यात खाकरणाऱ्याचा दोष नसतो. कोणीतरी मागे आवाजाचं बटण वर करून ठेवलेलं असतं. यांच्या नसांचं तसं झालंय. चेंगरणं थोडंसंच आहे, पण दुखण्याचं बटण वर जाऊन बसलंय. म्हणून अत्तरसुद्धा गडगडतं.

"पण रिपोर्टात माइल्ड लिवलाहा," आई म्हणाली.

"नस दबणं माइल्ड आहे," डॉक्टर म्हणाली. "दुखणं माइल्ड नाही. ते त्या मशीनला मोजताच येत नाही. त्या सांगतील तेवढं असतं."

आत्या म्हणाली, "हे जरा परत बोलाल? वहिनीकडे बघून?"

डॉक्टरने परत सांगितलं, वहिनीकडे बघून. आई त्यानंतर परळच्या नाक्यापर्यंत गप्प होती. नाक्यावर तिने आत्याला विचारलं की आपल्या परळला रिक्षा चालत नाहीत ते बरंच ना, हाताला धक्के किती बसले असते. आईच्या भाषेत ही माफी होती.

उपचार दोन होते. एक, रात्री मनगट सरळ राहावं म्हणून बांधायचा पट्टा. आणि दोन, हाताला पुन्हा स्पर्शाची सवय लावणं. आधी कापूस फिरवायचा, तो सोसला की मलमलचा तुकडा, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालायचा आणि शेवटी दुसऱ्या माणसाचा हात. घाई करायची नाही. दुखलं तर तिथेच थांबायचं. पण मागे फिरायचं नाही.

याचा पहिला परिणाम पार्लरवर झाला. आत्या डाव्या-उजव्या हाताची अदलाबदल करून, मधे मधे थांबत काम करू लागली होती, पण आता तिने ‘एवढं काही नाही दुखत’ म्हणणं बंद केलं. ती प्रत्येक बाईला विचारायची, दहापैकी किती दुखतंय? बाई म्हणाली सहा, की आत्या दोरा खाली ठेवायची. दुखत असताना पुढे जायचं नाही, उद्या या. त्यामुळे त्या दिवसांत भोईवाड्यात दीड भुवईच्या बऱ्याच बायका हिंडत होत्या. तिसऱ्या गल्लीतल्या रुपालीचा साखरपुडा होता, ती अंगठी घालून घेताना सबंध वेळ फोटोग्राफरकडे एकच बाजू करून बसली. नवऱ्याकडच्यांनी ते लाजणं समजून घेतलं.

दुसरा परिणाम असा की पट्टा लागू पडला. महिनाभरात पहाटेच्या मुंग्या थांबल्या. आत्या गॅलरीत यायची बंद झाली. ती सकाळी उजाडेपर्यंत झोपू लागली. सगळे खूश होते, आणि त्याच सुमाराला मला तात्या दिसले.

तात्या म्हणजे समोरच्या विंगमधले. आमची चाळ इंग्रजी यू अक्षरासारखी आहे, मधे चौक. तात्या रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. बायको पूर्वीच गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. माणूस इतका नियमाने चालणारा की चौकात क्रिकेटचा बॉल लागला तर आधी नो बॉल होता का ते विचारायचे. त्या पहाटे मी शिफ्टवरून परत येत होतो. आमच्याच विंगच्या पहिल्या मजल्यावर, लक्ष्मीकाकूंच्या दाराबाहेर कोपऱ्यात, तात्या इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभे होते. मान वर. तिथून आमच्या गॅलरीचा कठडा दिसतो.

मी विचारलं, "तात्या, इथे?"

"थांबलोय."

"कशासाठी?"

"सिग्नल नाही."

मी म्हटलं, वरच्या मजल्यावर रेंज चांगली येते.

त्यांनी हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी ज्या शांतपणे सांगितलं त्याच शांतपणे सांगण्याचा प्रयत्न करतो.

वर्षभरापूर्वी एका पहाटे ते आपल्या गॅलरीत दात घासत होते. समोरून आत्याने हात दाखवला. एक हात, खालीवर. आता बाकीच्या जगात याचा अर्थ काहीही असेल. रेल्वेत त्याचा अर्थ एकच. सावधपणे पुढे या. गार्डाला सिग्नल दिसला की उत्तर द्यावं लागतं, म्हणून त्यांनीही हात दाखवला, ब्रश दुसऱ्या हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी परत तोच सिग्नल. तिसऱ्या दिवशी परत. एवढा स्पष्ट आणि इतक्या नियमाने दिलेला सिग्नल त्यांना नोकरीतसुद्धा क्वचित मिळाला होता. मग त्यांनी विचार केला, आणि ते सावधपणे पुढे आले.

म्हणजे आधी ते आपल्या विंगच्या खालच्या मजल्यावर आले आणि तिथून पहाटे उत्तर देऊ लागले. पावसाळ्यानंतर ते चौकात उतरले. दिवाळीच्या आसपास पाण्याच्या टाकीपाशी होते. संक्रांत झाली आणि ते आमच्या जिन्यावर चढून पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचले. चाळीला वाटलं, माणूस मॉर्निंग वॉक घेतोय. इतका सावकाश वॉक कोणी घेतला नसेल. चौक ओलांडायलाच त्यांना तीन महिने लागले.

आणि आता महिनाभर सिग्नलच नव्हता. सिग्नल नसेल तर गाडी आहे तिथे उभी राहते. म्हणून ते रोज पहाटे येऊन लक्ष्मीकाकूंच्या दाराशी उभे राहत होते. काकूंचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, पण त्यांनी आपलं चहात एक कप वाढवला होता. चहा देताना काकू त्यांना काही विचारत नव्हत्या, आणि तात्या काकूंना काही सांगत नव्हते.

"त्यांना बरं नाही का?" तात्यांनी मला विचारलं.

मी नको ते उत्तर दिलं. मी म्हटलं, उलट आता बरं आहे.

त्यांनी मान हलवली. "असं," म्हणाले, आणि कपातला चहा संपवला.

मी वर गेलो आणि आत्याला उठवून सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती पट्टा सोडत बसली. त्याला तीन वेलक्रो आहेत, प्रत्येक सोडताना चर्र आवाज होतो. तिसरा सोडून झाल्यावर ती म्हणाली, "रोज यायचे?"

"रोज."

"आणि मी बघितलंसुद्धा नाही."

तिचे डोळे मिटलेले असायचे, याची मी तिला आठवण करून दिली. त्याने काही फरक पडला नाही.

मग मी एक साधा उपाय सुचवला. उद्या पहाटे उठ आणि हात हलव. मुंग्या असोत नसोत. तात्या वर येतील, चहा पितील, काकूंचा एक कप वाचेल. आत्या एकदम ताठ झाली.

"मी खोटा हात हलवू?" ती म्हणाली. "अरे, सगळे सोंग सोंग म्हणत होते तेव्हा त्या एका माणसाने माझ्या हाताचं म्हणणं खरं मानलं. इतकं खरं, की तो चालत इथवर आला. आता त्याच्यासमोर सोंग करू?"

"मग नको हलवू."

"न हलवून कसं चालेल? तो तिथेच उभा राहणार."

हा पेच खरा होता. दुखणं होतं तोवर तात्या येत होते आणि दुखणं गेलं तर तात्या थांबले. परत दुखायला लागावं असं म्हणण्याइतकी ती वेडी नव्हती, पण दिवसभर ती पट्ट्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यावरून मला खात्री नव्हती. दुपारी तिने एका बाईची भुवई दहापैकी आठवर जाईपर्यंत केली. बाई ओरडली तेव्हा आत्या भानावर आली आणि तिने बाईला सरबत दिलं.

संध्याकाळी तिने ठरवलं की खरं सांगायचं. उद्या पहाटे उठायचं, तात्या कोपऱ्यावर आले की कठड्याशी जायचं आणि त्यांना हात दाखवायचा. न हलवता. बघा, आता थरथरत नाही, झटकावा लागत नाही. ते सगळं आजारपण होतं, माफ करा. एवढं सगळं एका हाताने कसं सांगणार असं मी विचारलं. ती म्हणाली, समजेल त्यांना, ते हात वाचतात.

पहाटे मी रजा टाकून घरीच होतो. आईही उठली होती, पण झोपल्याचं सोंग करत होती. आमच्या घरात सोंग एकटी आईच करते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आत्याने पट्टा काढला, केस बांधले, बाहेर गेली. खाली तात्या उभे होते. तिने कठड्यावरून उजवा हात त्यांच्यासमोर सरळ धरला. बोटं पसरलेली, मनगट ताठ. जराही न हलवता. तिला तो तसा धरवत होता, हे मी वर्षभरात पहिल्यांदा पाहत होतो.

तात्यांनी हात पाहिला. शर्टाची बाही सारखी केली. मग त्यांनी आपला हात वर केला आणि जिन्याकडे वळले.

वर्षभर एकेक पायरी मोजून मापून आलेला तो माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत दोन-दोन पायऱ्या टाकत आला. लाकडी जिना असा वाजला की तळमजल्यावर कोणीतरी दार उघडून पाहिलं. आत्या अजून हात तसाच धरून उभी होती. तात्या समोर येऊन उभे राहिले, थोडे धापा टाकत.

आत्या म्हणाली, "मी सांगत होते की हात आता बरा आहे."

तात्या म्हणाले, "हात स्थिर धरला की त्याचा अर्थ, पुढे या. सावधपणे वगैरे काही नाही. नुसतं पुढे या."

हे ऐकून आत आई गादीवर उठून बसली.

मग आत्याने त्यांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुंग्या, पट्टा, अत्तर, लालबागचा स्पीकर, झटकलेला हात. एकही सिग्नल तिने दिला नव्हता. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"खूप दुखायचं?"

"खूप," आत्या म्हणाली.

"होय," तात्या म्हणाले. "तो हात साधा हलत नव्हता. मी म्हणायचो, बाई इतक्या कळकळीने बोलावतायत. ती कळ होती तर."

आत्याने मान फिरवली आणि चौकातल्या टाकीकडे बघत राहिली. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

तात्यांच्या नियमाप्रमाणे मात्र अजून एक अडचण होती. चुकीच्या सिग्नलवर पुढे आलेली गाडी मागे घ्यावी लागते. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. ते आपल्या गॅलरीपर्यंत परत जायला तयार होते, आणि वर्षभर लागेल असं म्हणाले. आत्या म्हणाली की पहिला सिग्नल चुकीचा असेल, आत्ताचा चुकीचा होता असं कोण म्हणतंय? चहा ठेवते. आईने आतूनच विचारलं, साखर किती.

ही झाली मनगटाची हकिकत. पुढचं फक्त वैद्यकीय आहे.

कापूस, मलमल, टॉवेल आणि तांदूळ पार पडले होते. शेवटची पायरी होती दुसऱ्या माणसाचा हात. आम्ही घरात प्रयत्न केले. माझा हात ओलसर असतो. आईचा हात चांगला आहे, पण धरला की ती बोलते. बाबांचा हात आत्याने धरला तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवायचा म्हणून सोडवून घेतला. तात्यांनी तीस वर्षं झेंडी धरलेली. पावसात, वाऱ्यात, गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनच्या धक्क्यांत हात स्थिर ठेवायची त्यांना सवय. डॉक्टर मेघनाला विचारलं तर तिने असा हात मिळत असेल तर उत्तम असं सांगितलं. ती किंचित हसली असं आईचं म्हणणं आहे. मी ते पाहिलं नाही.

तेव्हापासून तात्या रोज सकाळी येतात. दोघं गॅलरीत दोन स्टुलांवर बसतात. तात्या आपला हात उलटा करून कठड्यावर ठेवतात आणि आत्या तिचा त्यावर ठेवते. पहिल्या दिवशी पाच आकडे मोजेपर्यंत जमलं. आत्या दहापैकी सात म्हणाली, तात्यांनी लगेच हात काढून घेतला. आता पूर्ण चहा होईपर्यंत जमतं, आणि आत्या दोन म्हणते. कधी कधी दीड. तिची आजारी बोटं साडेतीन असली तरी तात्या करंगळीही धरतात. त्याबद्दल मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की डब्यात बिघाड एका ठिकाणी असला तरी गाडी पूर्ण तपासावी लागते. पार्लर जोरात चालू आहे. रुपालीची दुसरी भुवई झाली.

आता राहिली चाळ. तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत सकाळी इतकी माणसं दात घासायला उभी असतात की मागच्या नळांना पाणी कमी पडू लागलंय. काहींचे दात पूर्वी कधी इतका वेळ घासले गेले नव्हते. लक्ष्मीकाकू खालून रोज कितीवर आलं असं ओरडून विचारतात आणि आई वरून आकडा सांगते. पहिल्यांदा दोनवर आलं तेव्हा समोरच्या विंगमध्ये टाळ्या पडल्या. आत्या हसली आणि हात तसाच ठेवून बसली, पण तात्यांना हे नियमात बसत नाही असं वाटलं. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून, बाबांनी पहिल्यांदाच अनुकूल मत दिल्यामुळे, मी कमिटीकडे खालील अर्ज दिला आहे आणि त्याची एक प्रत जिन्याखाली लावली आहे. ती वाचायला रोज गर्दी असते.

‘सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीत रोज सकाळी दूध येण्याच्या सुमारास वैद्यकीय सल्ल्याने स्पर्शोपचार देण्यात येतात. सदर उपचारांस अन्य कोणत्याही बाबीचे स्वरूप नसून तसे समजण्यात येऊ नये. सबब, उपचार सुरू असताना तिन्ही विंगमधील, सर्व मजल्यांवरील, सर्व वयोगटांतील रहिवाशांनी तिकडे पाहू नये, आणि पाहिल्यास नंतर कोणालाही सांगू नये, अशी नम्र विनंती. कळावे.’